डावीकडून जाऊन उजवीकडून येण्याबाबत

मी, खाली सही करणार, वय अठ्ठावन्न, धंदा इमारती बांधून विकणे, नाद नाटकाचा, आज पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना (घरची मंडळी घरी आहेत, मी बाहेर आहे) माझ्या मालमत्तेची ही व्यवस्था स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात ‘मन स्थिर’ असं लिहिलेलं आहे. हृदयाबद्दल दाखला गप्प आहे, कारण त्याची एक झडप येत्या गुरुवारी बदलायची आहे.

मालमत्तेकडे वळण्यापूर्वी एक गाऱ्हाणं नोंदवून ठेवतो. माझ्या राहत्या घरातल्या न्हाणीघराचं दार पूर्ण उघडत नाही. आतल्या बेसिनवर आपटून ते अर्ध्यावर थांबतं. गेली बावीस वर्षं मी रोज सकाळी पोट आत ओढून, अंग आडवं करून, चोरासारखा त्यात शिरतो आहे. या बावीस वर्षांत पोट वाढलं, फट तेवढीच राहिली. ही इमारत ज्यानं बांधली त्याच्यावर दावा लावावा, अशी तीव्र इच्छा मला अनेकदा झाली. परंतु ती मीच बांधली आहे. न्हाणीघरातून सहा इंच काढून दिवाणखान्यात घातले की जाहिरातीत ‘प्रशस्त’ हा शब्द टाकता येतो. अशी चव्वेचाळीस घरं मी विकली आणि पंचेचाळीसाव्यात स्वतः राहायला गेलो. तक्रार करायला दुसरी जागा नसल्यामुळे ती इथे केली आहे.

कलम एक. सदर घर माझ्या पत्नीस मिळावं. ही तरतूद तिला आधीच वाचून दाखवली. ती म्हणाली, “घर राहू दे, ते दार तेवढं नीट करून द्या.”

“त्यासाठी भिंत पाडावी लागेल.”

“मग पाडा. लोकांच्या पाडताना कधी एवढा विचार केलात?”

बँकेतली शिल्लक आणि ठेवीही तिच्याच. कोणत्या ठेवी कुठे आहेत हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, त्यामुळे यादी जोडलेली नाही.

कलम दोन. कार्यालय, शहराबाहेरचे दोन भूखंड, मोटार आणि दारावरची पितळी पाटी चिरंजीवांना मिळावी. मात्र कलम सातमधली अट पुरी झाल्यावरच. चिरंजीव हुशार आहेत. मी मोकळी जागा पाहिली की तिथे काय बांधता येईल ते बघत असे. ते बांधलेली जागा पाहतात आणि तिथून कोणाला हलवता येईल ते बघतात. याला पुढची पिढी म्हणतात.

कलम तीन. माझ्याकडे एकूण त्रेसष्ट सन्मानचिन्हं आहेत. बहुतेक लाकडी, काही काचेची, एक अगम्य. बहुतेकांवर ‘रंगभूमीचा आधारस्तंभ’ असं कोरलेलं आहे. स्तंभ भरपूर झाले, वर छप्पर कोणी घातलं नाही. ही सर्व चिन्हं नाटकाच्या सामानाच्या खोलीत ठेवावीत. एखाद्या नाटकात पोकळ श्रीमंत माणसाचा दिवाणखाना दाखवायचा असेल तेव्हा ती आयती उपयोगी पडतील.

कलम चार. न्यायाधीशाचा काळा झगा. हा खुलासा मागेल. आमच्या इथे एक नाटकमंडळी आहे आणि ती चालवणारे एक जुने नट आहेत. त्यांना लहानथोर सगळे ‘दादा’ म्हणतात, मीही म्हणतो. दादांच्या अकरा नाटकांचा निम्मा खर्च मी केला. आठव्या नाटकाच्या वेळी दादा म्हणाले, “मालक, एक छोटं काम आहे. न्यायाधीश. नुसतं बसायचं आणि पाच वाक्यं बोलायची.” मी सहा प्रयोग केले. पाचातली दोन वाक्यं मला कधीच आठवली नाहीत, म्हणून टेबलाखाली एक माणूस बसवला होता, तो खालून सांगायचा. एकदा त्याला शिंक आली. मी तीही म्हटली. पुढच्या रांगांत माझे गवंडी, प्लंबर आणि सिमेंटचा पुरवठा करणारे बसलेले असत. त्यांच्या टाळ्यांची किंमत मला माहीत होती, कारण त्यांची बिलं माझ्याच टेबलावर पडली होती. पण शेवटच्या प्रयोगाला मी आत आलो तेव्हा विंगेत दादा उभे होते आणि एकटेच, हळू, दमदार टाळ्या वाजवत होते. पन्नास वर्षं रंगमंचावर काढलेला माणूस. माझ्या अकरा इमारती एका पारड्यात टाकल्या असत्या तरी त्या टाळ्यांचं पारडं जड झालं असतं. झगा मी इस्त्री करून कपाटात ठेवला. तो आता फरशी पुसायला वापरावा. कारण कलम सहामध्ये.

कलम पाच. आता मुख्य मालमत्ता. माझ्या एका इमारतीच्या तळमजल्यावरचं सहाशे खुर्च्यांचं रंगमंदिर माझ्या मालकीचं आहे. त्याच्यामुळे लोक मला नाटकाचा आश्रयदाता म्हणतात, तेव्हा कोणी कोणाला आश्रय दिला ते लिहून ठेवतो.

त्या जागी पूर्वी जुनं नाट्यगृह होतं. मी सिमेंटच्या दुकानात कारकून होतो तेव्हा बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत, एका खांबाआड बसून मी तिथे नाटकं पाहिली. खांबापुढची जागा मला परवडत नसे. त्यामुळे मी तरुणपणी पाहिलेली सगळी नाटकं मध्यभागी दीड फूट कोरी आहेत. पण ते प्रेम खरं होतं. या कागदात खऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत, म्हणून ही ठळक लिहितो.

पुढे हातात पैसा आला आणि मी ते नाट्यगृह विकत घेऊन पाडलं. खांबापासून सुरुवात केली. नियम असा होता की नाट्यगृह पाडलं तर त्याच जागी नवं बांधून द्यायचं, आणि त्याच्या बदल्यात इमारतीला दोन मजले जादा मिळायचे. म्हणजे मी नाटकाला एक मजला दिला आणि नाटकानं मला दोन दिले. सत्कार मात्र माझा झाला.

जुन्या रंगमंचाच्या मागच्या पडद्याआड नऊ फूट रुंद आणि चव्वेचाळीस फूट लांब अशी एक बोळ होती. मी वास्तुरचनाकाराला विचारलं, “ही कशाला?”

तो म्हणाला, “मोकळीच दिसते.”

आमच्या धंद्यात ‘मोकळी’ हा शब्द ऐकला की माणसाची झोप उडते. नव्या नकाशात मी रंगमंचाची मागची भिंत नऊ फूट पुढे ओढली आणि पलीकडे, वाहनतळाच्या बाजूला, एक दुकान काढलं. ते माझ्या मेहुण्याला फरश्या विकायला दिलं; भाडं नाही, करार नाही, पत्नीचा एक कटाक्ष तेवढा. नकाशा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यानं त्या बोळीबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याचा दोष नाही. तो, वास्तुरचनाकार आणि मी, तिघंही नाटकाचे शौकीन होतो, म्हणजे तिघांनीही नाटक फक्त पुढून पाहिलं होतं. पुढून पाहणाऱ्याला वाटतं, नट आत गेला की संपला.

तो संपत नाही. डावीकडून आत गेलेला नट मागच्या पडद्याआडून चालत जातो आणि उजवीकडून बाहेर येतो. ती बोळ त्यासाठी होती.

हे आम्हाला उद्घाटनाच्या प्रयोगाला कळलं. म्हणजे त्यांना कळलं. मी पहिल्या रांगेत होतो. पहिल्या अंकात दादा बायकोशी भांडून डावीकडे गेले. नऊ वाक्यांनंतर त्यांना उजवीकडून, बाजारातून आल्यासारखं यायचं होतं. विंगेत सेटचा सुतार उभा होता. पुढचं त्यानं मला सांगितलेलं आहे.

“अरे, मागची वाट कुठंय?”

“वाट नाही दादा. फरश्यांचं दुकान आहे.”

“मग मी पलीकडून येऊ कसा?”

“गिऱ्हाईक म्हणून गेलात तर सोडतील कदाचित.”

दादा आग लागल्यावर उघडायच्या दारातून बाहेर पडले, जनरेटरला वळसा घातला, गाड्यांच्या रांगेतून वाट काढत दुकानापुढून पळाले आणि उजवीकडच्या दारानं आत शिरले. दोनशे बारा पावलं. तोवर रंगमंचावरच्या त्यांच्या बायकोनं एकच चादर चार वेळा घडी केली. मी मोठ्यानं “वा!” म्हटलं. मला तो मौनाचा कलात्मक उपयोग वाटला होता.

त्यानंतरची अठरा वर्षं आमच्या रंगमंदिरातल्या नाटकांत माणसं ज्या बाजूनं जातात त्याच बाजूनं परत येतात. लेखकांनी तशी नाटकं लिहायला घेतली. डावीकडे कचेरीत गेलेला नवरा कचेरीतूनच माहेरची बातमी घेऊन येऊ लागला. एका समीक्षकानं याला ‘वर्तुळाकार नियतीची रंगभाषा’ असं नाव देऊन मोठा लेख लिहिला. तो लेख मी चौकटीत लावून घेतला होता. ज्यांना असली नियती मानवली नाही ते पळत राहिले. वरच्या मजल्यांवरच्या रहिवाशांनी मग ठराव केला की मेकअप केलेल्या व्यक्तींनी वाहनतळावर धावू नये, लहान मुलं आणि वाहनचालक दचकतात. ‘कलेच्या सहवासात घर’ म्हणून ज्यांनी मला चौरस फुटामागे जादा पैसे मोजले, तीच ही मंडळी.

दादा दर नव्या नाटकाच्या वेळी मला विचारत, “मालक, आमचे नऊ फूट?”

मी म्हणायचो, “बघू.”

बाहेरगावच्या मंडळ्यांनी हळूहळू यायचं सोडलं. त्याचा परिणाम असा. मंजुरीत एक अट आहे: सलग तीन वर्षं वर्षाला नव्वदपेक्षा कमी प्रयोग झाले, तर मालकाला त्या जागेचा वापर बदलता येतो. दोन वर्षांपूर्वी एकसष्ट झाले, मागल्या वर्षी अठ्ठावन्न. हे तिसरं वर्ष आहे. चिरंजीवांनी समारंभाच्या हॉलचे नकाशे करून ठेवले आहेत. मला दाखवलेही. छान आहेत. रंगमंचाच्या जागी जेवणाची ताटं मांडायची टेबलं आहेत, आणि त्यांच्या मागे, वाढप्यांना इकडून तिकडे जायला, चांगली रुंद वाट सोडलेली आहे.

कलम सहा. हे कलम मालमत्तेचं नाही, पण ते नसेल तर पुढचं समजणार नाही.

मागल्या पावसाळ्यात, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, भरल्या प्रयोगात दादा डावीकडून बाहेर पडून पळत निघाले. मेहुण्यानं दुकानापुढे नमुन्यादाखल एक चौकोन बसवला होता. वर पाटी: ‘न घसरणारी फरशी’. दादा तिच्यावरच घसरले. खुबा मोडला. प्रयोग थांबला. चिरंजीव घरी येऊन म्हणाले, “फार वाईट झालं, बाबा. पण आता नव्वद काही भरत नाहीत.”

दोन महिन्यांनी मी दादांच्या घरी गेलो. दोन खोल्या, खिडकीशी खुर्ची, खुर्चीला टेकवलेली काठी. इकडचं तिकडचं झालं. फळांची पिशवी कुठे ठेवावी यावर थोडा वेळ गेला. मग काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी म्हटलं, “दादा, तुमच्या त्या टाळ्या मी अजून विसरलो नाही हो.”

“कुठल्या?”

“न्यायाधीशाच्या. शेवटच्या प्रयोगाला, विंगेत.”

“त्या होय!” दादा हसले. हसताना त्यांना दुखत होतं. “त्या खोट्या होत्या, मालक. म्हटलं, एवढ्यानं माणूस खूश झाला तर नऊ फूट सोडेल. जन्मात एकदाच खोट्या टाळ्या वाजवल्या आणि त्याही फुकट गेल्या.”

मी घरी आलो. दोन दिवस कार्यालयात गेलो नाही. घरच्यांना वाटलं, झडपेमुळे.

मी आयुष्यभर लाच दिली. कारकुनाला दिली, साहेबाला दिली, साहेबाच्या साहेबाला पाकिटात घालून दिली. त्याची मला शरम नाही. पावसाळ्यात छत्री नेतात तशी ती मी नेत असे. घेतली मात्र एकदाच, तीही टाळ्यांची. आणि घेऊन काम केलं नाही. आमच्या धंद्यात याहून हलका माणूस नसतो. ज्या अधिकाऱ्यांना मी या कारणावरून आईबापांवरून बोललो आहे, त्यांची मी इथे माफी मागतो.

कलम सात. सबब, माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांत मेहुण्याचं दुकान रिकामं करून घ्यावं, रंगमंचाची मागची भिंत पाडावी आणि ती नऊ फूट मागे, मूळ जागी बांधावी. मेहुणा म्हणेल, “दाजी, अठरा वर्षांचं नाव आहे हो दुकानाचं!” त्याला सांगावं की नाव सोबत घेऊन जा, भिंतीला चिकटलं असेल तर आधी खरवडून घे. न घसरणारी फरशी त्याला बक्षीस द्यावी. ती त्यानं आपल्या न्हाणीघरात बसवावी आणि तिच्यावर विश्वास ठेवावा.

संपूर्ण रंगमंदिर, त्या बोळीसह, पडद्यामागच्या कामगारांच्या संस्थेला मिळावं.

चिरंजीवांना कलम दोनमधलं काहीही तेव्हाच मिळावं, जेव्हा भरल्या प्रयोगात एक नट डावीकडून आत जाईल आणि इमारतीबाहेर पाऊल न टाकता, कोरड्या पायांनी, उजवीकडून बाहेर येईल. हे चिरंजीवांनी पहिल्या रांगेतून नव्हे, विंगेत उभं राहून पाहावं.

कोणी विचारील की हे जिवंतपणी का केलं नाही. उत्तर सरळ आहे. मेहुण्याची बहीण माझ्या घरात राहते. मेल्यावर माझ्याशी कोणी अबोला धरला तरी मला ते कळणार नाही.

याप्रमाणे लिहून, वाचून, बरोबर असल्याची खात्री करून सही करत आहे.

साक्षीदारांबाबत: मृत्युपत्रात ज्यांना काही मिळतं त्यांनी साक्षीदार होऊ नये, असं वकिलांनी बजावलं आहे. माझ्याकडून ज्यांना काही मिळालं नाही अशी माणसं शोधायला मला अजिबात त्रास झाला नाही.

साक्षीदार एक: सेटचा सुतार. तो वर सांगितलेल्या संस्थेचा सभासद नाही. वर्गणी मागायला आलेल्यांना त्यानं करवत दाखवली होती.
साक्षीदार दोन: तिकीट खिडकीवरच्या बाई. त्याही सभासद नाहीत, कारण त्या पडद्यापुढे बसतात.

ठिकाण: रंगमंदिराचं कार्यालय, तिकीट खिडकीच्या मागे.
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा सोमवार. आज प्रयोग नाही.

पुरवणी, त्याच दिवशी, तासाभरानं.

साक्षीदारानं मजकूर वाचायची गरज नसते. पण सुतार न मोजता खिळा मारत नाही. त्यानं ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं. सातव्या कलमाशी बोट थांबलं.

“साहेब, मृत्यूनंतर म्हणजे कधी?”

“आता ते कसं सांगणार? गुरुवारीही असेल, वीस वर्षांनीही असेल.”

“दादा पंच्याहत्तराचे झालेत,” सुतार म्हणाला. “काठी घेऊन चालतात. दोनशे बारा पावलं आता जमायची नाहीत. चव्वेचाळीस फूट सपाट मिळाले तर म्हातारा बाप उभा करतील, अजून उभा करतील. तुम्ही जगलात तर त्यांनी काय करायचं?”

माझ्या जगण्याकडे या बाजूनं मी कधी पाहिलं नव्हतं.

बाई खिडकीतून वळल्या. “आणि या वर्षाचे तेवीस प्रयोग झालेत, साहेब. अजून सात महिने आहेत. वाट झाली तर बाहेरच्या तीन मंडळ्या यायला तयार आहेत, मी फोन करून विचारलंय. तुमच्या नव्या झडपेला दहा-पंधरा वर्षांची तरी हमी असेल ना? तोवर इथे जेवणावळी उठतील.”

मी घरी फोन लावला आणि पत्नीला सातवं कलम वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मी परवा दादांना बघून आले. तुम्हाला सांगितलं नाही.” मग भावाबद्दल म्हणाली, “त्याला दुकान रिकामं करायला मी सांगते. तुम्ही सांगू नका, तुम्ही चिडता.”

सबब, कलम सातमधले ‘माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांत’ हे शब्द खोडले आहेत आणि त्या जागी ‘उद्यापासून’ असं लिहिलं आहे. खाडाखोडीशेजारी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही आहे. गुरुवारी काहीही झालं तरी काम थांबवू नये. बाकी मजकूर कायम.

एक किरकोळ बाब. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, त्यामुळे हे कलम नाही, नुसती नोंद आहे. जुनं नाट्यगृह पाडण्यापूर्वी ती बोळ मोजायला मी सुताराकडून त्याची पोलादी टेप दोन मिनिटांसाठी मागून घेतली होती. ती माझ्या टेबलाच्या खणात राहिली. त्यानं दोनदा आठवण केली, मग दुसरी विकत घेतली. आज सह्या झाल्यावर मी ती खणातून काढून त्याच्यासमोर ठेवली. काही बोलायचं ठरवलं होतं, ते आठवलं नाही. त्यानं हातभर पट्टी ओढली, सोडली, परत आत जाते का ते पाहिलं, आणि टेप घेऊन भिंत मोजायला गेला.

पोच मागितलेली नाही.

(सही)